वाचतो ते रिपॉझिटरीत, बसते ते पॅकेज

ओपन सोर्सच्या सुरक्षिततेविषयी बोलताना एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. कोड सर्वांसमोर उघडा आहे, हजारो प्रोग्रामरांची नजर त्यावर आहे, तेव्हा कोणी त्यात काही घुसडलेच तर ते फार काळ लपून राहणार नाही, असा तो युक्तिवाद. गेल्या काही वर्षांत घडलेल्या अशा घटनांचे तांत्रिक तपशील मी आवर्जून वाचत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो ज्या वस्तूला लागू होतो ती वस्तू आपण आपल्या यंत्रावर बसवतच नाही. सर्वांना दिसत असते ती रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबसारख्या ठिकाणी उघड्यावर ठेवलेला मूळ कोड, आणि आपण बसवतो ते पॅकेज.

पॅकेज ही एक वेगळी, दाबून बांधलेली फाइल असते. बहुतेक वेळा मेंटेनर, म्हणजे पॅकेजची देखभाल करणारा, ती आपल्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या स्वयंचलित बिल्डमध्ये (कोडपासून तयार फाइल बनवण्याच्या प्रक्रियेत) तयार करतो आणि एनपीएम (जावास्क्रिप्टसाठी), पायपीआय (पायथनसाठी) यांसारख्या रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर, चढवतो. पॅकेजच्या पानावर रिपॉझिटरीचा दुवा दिसतो, म्हणून दुव्यावरचा कोड आणि पॅकेजमधला कोड एकच असणार असे आपण धरून चालतो. तो दुवा मात्र पॅकेज चढवणाऱ्यानेच लिहिलेला असतो, आणि फाइल खरोखर त्याच कोडपासून बनली आहे का हे पाहण्याची जबाबदारी रजिस्ट्रीने वर्षानुवर्षे स्वतःकडे घेतली नव्हती. दुर्भावनायुक्त कोड घुसडणाऱ्यांनी वारंवार वापर केला आहे तो याच फटीचा.

२०१८ मधले इव्हेंट-स्ट्रीम प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आठवड्याला सुमारे वीस लाख वेळा उतरवून घेतले जाणारे हे पॅकेज मूळ लेखकाच्या रोजच्या वापरातून केव्हाच गेले होते. एका अनोळखी माणसाने ई-मेल करून देखभालीची तयारी दाखवली आणि लेखकाने ती सोपवली. यावरून त्या लेखकावर पुष्कळ टीका झाली. मला ती अन्यायकारक वाटते, कारण मोबदला न घेता चालवलेले काम ज्याला नकोसे झाले आहे त्याने ते इच्छुकाच्या हाती द्यावे, हीच तर या जगातली रीत होती. नव्या मेंटेनरने सप्टेंबरमध्ये फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचे एक छोटेसे पॅकेज अवलंबित्व म्हणून, म्हणजे इव्हेंट-स्ट्रीमसोबत आपोआप बसेल असे, जोडले. त्या वेळी त्यात आक्षेपार्ह काहीच नव्हते. ऑक्टोबरमध्ये त्या छोट्या पॅकेजची पुढची आवृत्ती आली आणि खरा ऐवज तिच्यात होता.

गिटहबवर फ्लॅटमॅप-स्ट्रीमचा कोड स्वच्छ होता. एनपीएमवरच्या फाइलमध्ये मात्र मिनिफाय केलेल्या, म्हणजे जागा वाचवण्यासाठी आक्रसलेल्या, एकाच लांबलचक ओळीच्या शेवटी काही अधिकचा मजकूर होता, आणि चाचण्यांच्या फोल्डरमध्ये कूटबद्ध केलेली एक डेटा फाइल होती. ती उलगडण्याची किल्ली कोडमध्ये कुठेही नव्हती. ज्या प्रकल्पात हे पॅकेज बसले असेल त्या प्रकल्पाचे वर्णन, म्हणजे पॅकेज-जेसन या प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये आपण सहज लिहून टाकतो ती एक ओळ, हीच किल्ली म्हणून वापरली जात होती. इतर हजारो प्रकल्पांत उलगडा फसे, त्रुटी गुपचूप गिळली जाई आणि सगळे सुरळीत चाले. एकाच प्रकल्पात किल्ली लागत होती, तो म्हणजे कोपे हे बिटकॉइन वॉलेट. त्याच्या बिल्डमध्ये शिरून हा कोड शंभराहून अधिक बिटकॉइन असलेल्या खात्यांच्या खासगी किल्ल्या बाहेर पाठवण्यासाठी लिहिलेला होता. नेमके लक्ष्य कोणते हे शोधण्यासाठी तपास करणाऱ्यांना एनपीएमवरच्या पॅकेजेसची वर्णने एकामागून एक किल्ली म्हणून लावून पाहावी लागली. कोणी डोळ्यांत तेल घालून गिटहबवरचा कोड वाचला असता तरी त्याच्या हाती काहीही लागले नसते.

हीच युक्ती अधिक संयमाने आणि अधिक मोठ्या सावजासाठी वापरली गेली ती एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या, म्हणजे फाइल्स दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या, बाबतीत. जिआ तान या नावाचे खाते २०२१ पासून तिथे योगदान देत होते. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर अचानक काही मंडळी उगवली आणि थकलेल्या मूळ मेंटेनरवर ‘कामाला गती नाही, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा दबाव आणू लागली. ती एकाच कटातली खोटी खाती असावीत असा दाट संशय आहे. अधिकार मिळाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० ही आवृत्ती निघाली.

लपवण्याची पद्धत थोडी उलगडून सांगतो, कारण तिच्यात या विषयाचे सार आहे. एक्सझेडच्या रिपॉझिटरीत चाचण्यांसाठी मुद्दाम बिघडवलेल्या संक्षेपित फाइल्स ठेवलेल्या असतात, आणि तशा त्या असायलाच हव्यात, कारण बिघडलेली फाइल समोर आली तर प्रोग्राम काय करतो हे तपासावे लागते. चाचण्यांसाठी म्हणून दोन नव्या फाइल्स तिथे आल्या, त्यांपैकी एक अशीच ‘बिघडलेली’. बायनरी फाइल वाचून कोणाला काय कळणार? त्या बिघडलेल्या फाइलमधल्या ठरावीक बाइटांची अदलाबदल केली, टॅबच्या जागी स्पेस आणि हायफनच्या जागी अंडरस्कोअर अशा धर्तीची, की ‘बिघडलेली’ फाइल एकदम धडधाकट होई आणि तिच्यातून एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांची यादी, बाहेर पडे. ती स्क्रिप्ट दुसऱ्या फाइलमधून ठरावीक मापाचे तुकडे गाळत, उरलेले जोडत पुढचा टप्पा तयार करी आणि शेवटी बिल्डमध्ये एक तयार ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे आधीच यंत्रभाषेत बदललेला कोड, जोडली जाई. हे सगळे तेव्हाच घडे, जेव्हा बिल्ड एक्स-८६ च्या ६४-बिट लिनक्ससाठी, डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बनवण्यासाठी चाललेला असे. अंतिम हेतू होता एसएसएच सर्व्हरमध्ये, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षित प्रवेश देणाऱ्या प्रोग्राममध्ये, मागचे दार उघडण्याचा. एसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही, पण लिनक्सच्या काही वितरणांनी (डेबियन, फेडोरा यांसारख्या तयार संचांनी) सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या घटकाशी जुळवून घेण्यासाठी त्याला एक पॅच लावलेला होता आणि त्या वाटेने एक्सझेडची लायब्ररी एसएसएचच्या प्रक्रियेत येऊन बसत होती.

या साखळीला सुरुवात करून देणारी एक कडी आवश्यक होती, म्हणजे बिल्डच्या वेळी त्या चाचणी-फाइलला हात लावणारी एक ओळ. ती ओळ गिटमध्ये, म्हणजे रिपॉझिटरीत, नव्हती. ती होती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमधल्या, म्हणजे बांधून दिलेल्या कोडच्या गठ्ठ्यातल्या, बिल्ड-टू-होस्ट नावाच्या एका एमफोर मॅक्रो फाइलमध्ये; अशा फाइल्स बिल्डच्या तयारीसाठी असतात. टारबॉलमध्ये गिटमध्ये नसलेल्या, यंत्राने तयार केलेल्या काही फाइल्स असणे हे या प्रकारच्या प्रकल्पांत नित्याचेच आहे, त्यामुळे फरक दिसला असता तरी कोणाच्या भुवया उंचावल्या नसत्या. ज्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावण्यात घालवला, त्यानेही ती एक ओळ रिपॉझिटरीत टाकण्याचा धोका पत्करला नाही, ही बाब मला फार बोलकी वाटते. रिपॉझिटरी कोणीतरी वाचते यावर त्याचा विश्वास होता. टारबॉल कोणी वाचत नाही यावर त्याहून जास्त होता.

हे उघडकीस कसे आले, हेही पाहण्यासारखे आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांपैकी एक असलेले आंद्रेस फ्रॉइंड हे वेगळ्याच कामासाठी यंत्राची गती मोजत होते. एसएसएचमधून आत शिरण्याच्या प्रयत्नाला ०.३ सेकंदाऐवजी ०.८ सेकंद लागत आहेत आणि त्यात प्रोसेसर विनाकारण खर्ची पडतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. माग काढत ते एक्सझेडपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले. इव्हेंट-स्ट्रीमच्या वेळी सुगावा लागला तो घुसडलेल्या कोडने कूटलेखनाच्या ‘क्रिप्टो’ मॉड्यूलमधले एक कालबाह्य फंक्शन वापरल्यामुळे येणाऱ्या इशाऱ्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवरची चॉक, डीबग आणि आणखी सोळा पॅकेजेस एकाच मेंटेनरच्या खात्यातून बळकावली गेली, तेव्हा एका ठिकाणी बिल्ड अडला आणि ‘फेच’ची व्याख्याच नाही अशी त्रुटी आली, कारण नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) जुन्या आवृत्तीत ते फंक्शन नव्हते. तिन्ही वेळा कोड वाचून कोणाला काही सापडले नाही. घुसखोराच्या हातून काहीतरी कच्चे राहिले, प्रोग्रामचे वागणे किंचित बदलले, आणि तो किंचित बदल मनाला खटकणारा माणूस योगायोगाने तिथे होता. ज्यांच्या कामात कच्चेपणा राहिला नाही अशांची गणती कोणी करायची, हा प्रश्न मी इथे फक्त नोंदवून ठेवतो.

चॉकच्या घटनेत मेंटेनरला आलेला फसवा ई-मेल एनपीएमच्या नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्यावरून आला होता आणि त्यात टू-फॅक्टर पडताळणी (पासवर्डखेरीज दुसरा पुरावा मागणारी) नव्याने करून घेण्याची सूचना होती. आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवली जाणारी ही पॅकेजेस सुमारे दोन तास दूषित स्थितीत होती. ब्राउझरमध्ये चालणारा तो कोड क्रिप्टोचलनाचा व्यवहार होताना पैसे ज्या पत्त्यावर जायचे तो पत्ता बदलत असे, आणि बदली पत्ता निवडताना आपल्या यादीतला मूळ पत्त्याशी दिसायला सर्वांत जवळचा पत्ता उचलत असे. लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरे बदलावी लागतात ते, काढून! अक्षरजुळणीतल्या चुका सुधारण्यासाठी शिकवले जाणारे गणित इतक्या चोख रीतीने चोरीला जुंपलेले पाहून क्षणभर दाद द्यावीशी वाटली, हे मान्य करतो. याही वेळी नव्या आवृत्त्या थेट रजिस्ट्रीवर चढवलेल्या होत्या. रिपॉझिटरीत त्यांचा मागमूस नव्हता.

नावांच्या गोंधळातून होणारे हल्ले वेगळ्या जातीचे मानले जातात, पण मुळात तेही हेच आहेत: डोळ्यांसमोर एक असते आणि यंत्रावर दुसरे येते. पायपीआयवर जेलीफिश या लोकप्रिय पॅकेजच्या नावातल्या इंग्रजी लहान ‘एल’च्या जागी कॅपिटल ‘आय’ घालून बनवलेले जुळे डिसेंबर २०१८ पासून जवळजवळ वर्षभर तिथे होते आणि एसएसएच व जीपीजी या कूटबद्धीकरण-साधनाच्या किल्ल्या चोरत होते. सुरक्षा संशोधक अॅलेक्स बिरसान यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये दाखवून दिले की कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावे सार्वजनिक रजिस्ट्रीवर कोणीही नोंदवली, तर अनेक साधने निमूटपणे बाहेरचेच पॅकेज उचलतात. अॅपल, मायक्रोसॉफ्ट यांच्यासह पस्तीसहून अधिक कंपन्यांमध्ये त्यांचा निरुपद्रवी कोड चालला आणि त्यांना बक्षिसांपोटी १,३०,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. दुसऱ्याच वर्षी, २५ ते ३० डिसेंबर २०२२ या काळात, पायटॉर्च या पायथनमधल्या मशीन लर्निंग लायब्ररीच्या रोज रात्री निघणाऱ्या आवृत्त्या लिनक्सवर पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने घेणाऱ्यांना अगदी याच पद्धतीने टॉर्चट्रायटन नावाचे बनावट पॅकेज मिळाले. आता तर भाषा-मॉडेल अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव आत्मविश्वासाने सुचवते आणि कोणीतरी ते नाव आधीच नोंदवून वाट पाहत बसतो, असाही प्रकार सुरू झाला आहे.

यात भर पडते ती इन्स्टॉल करणे आणि चालवणे यांतली सीमारेषा पुसली गेल्याची. एनपीएममध्ये पॅकेजच्या लेखकाला पोस्टइन्स्टॉल नावाखाली हवी ती आज्ञा लिहून ठेवता येते आणि परंपरेने ती इन्स्टॉल होतानाच, आपल्याला न विचारता, आपल्या सगळ्या अधिकारांनिशी चालत आली आहे. पायथनमध्ये स्रोत-पॅकेज बसवताना सेटअप-पायची फाइल चालते, रस्टमध्ये बिल्ड स्क्रिप्ट चालते. म्हणजे आपण पॅकेज आणले, आयात केले नाही, एकही फंक्शन वापरले नाही, तरी परक्याचा कोड आपल्या यंत्रावर चालून गेलेला असतो. आणि हा परका एकच नसतो. २०१९ मध्ये युझनिक्स परिषदेत मांडल्या गेलेल्या एका अभ्यासानुसार सरासरी एनपीएम पॅकेज बसवणारा माणूस नकळत ७९ इतर पॅकेजेसवर आणि ३९ मेंटेनरांवर विश्वास टाकत असतो.

या सवलतीचा शेवट कुठे होऊ शकतो हे सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर दिसले. एनपीएमवर पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर आपोआप पसरणारा किडा आला. इन्स्टॉल होताच तो यंत्रावरची गुपिते शोधी, आणि त्यासाठी तो ट्रफलहॉग हे गळलेल्या किल्ल्या शोधण्यासाठी सुरक्षा तज्ज्ञ वापरतात तेच साधन वापरी. सापडलेली गुपिते पीडिताच्याच गिटहब खात्यात एक सार्वजनिक रिपॉझिटरी उघडून तिथे टाकून देई. एनपीएमचे टोकन, म्हणजे प्रकाशनाची परवानगी देणारी किल्ली, हाती लागले तर त्या व्यक्तीच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःला घुसवून त्यांच्या नव्या आवृत्त्या प्रकाशित करी. पाचशेहून अधिक पॅकेजेस बाधित झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि तिने प्रीइन्स्टॉलचा टप्पा वापरला, म्हणजे इन्स्टॉल पूर्ण होण्याचीही वाट पाहिली नाही.

माझ्या म्हणण्याला छेद देणारी उदाहरणेही आहेत आणि ती वगळणे बरोबर होणार नाही. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसीच्या लेखकानेच रशिया आणि बेलारूसमधल्या यंत्रांवरच्या फाइल्स पुसून त्यांत हृदयचिन्ह भरणारा कोड आपल्या पॅकेजमध्ये घातला. त्याआधी जानेवारीत कलर्स आणि फेकर या पॅकेजेसच्या लेखकाने ती जाणूनबुजून निकामी केली. इथे चोरी नव्हती, तोतयेगिरी नव्हती. खरा मालक खऱ्या खात्यातून बोलत होता. युक्रेन युद्धाविषयीची नोड-आयपीसीच्या लेखकाची भावना कितीही प्रामाणिक असो, अनोळखी माणसाच्या फाइल्स पुसणाऱ्याची बाजू मी घेऊ शकत नाही.

रिपॉझिटरी आणि पॅकेज यांतले अंतरच मिटवून टाकावे, हा उपाय गो भाषेने सुरुवातीपासून अवलंबला. तिथे वेगळे पॅकेज चढवायचेच नसते. कोड थेट गिटच्या टॅगवरून, म्हणजे रिपॉझिटरीत आवृत्तीसाठी केलेल्या खुणेवरून, येतो, त्याची चेकसम (फाइलचा आकड्यांतला ठसा) सार्वजनिक नोंदवहीत कायमची लिहिली जाते आणि इन्स्टॉलच्या वेळी कोणतीही स्क्रिप्ट चालत नाही. मला ही रचना मनापासून आवडते. तरीही तिलाही वळसा घालणारा निघालाच. बोल्टडीबी या डेटाबेसच्या नावाशी साधर्म्य असलेले एक दूषित मॉड्यूल कोणीतरी प्रकाशित केले, गूगलच्या मध्यस्थ प्रॉक्सीने त्याची प्रत साठवून घेतल्यावर गिटहबवरचा टॅग हलवून स्वच्छ कोडकडे वळवला, आणि २०२१ पासून २०२५ मध्ये उघडकीस येईपर्यंत गिटहबवर पाहणाऱ्याला निर्दोष कोड दिसत राहिला, तर गोच्या आज्ञेने आणणाऱ्याला प्रॉक्सीतली दूषित प्रत मिळत राहिली. एकदा प्रकाशित झालेली आवृत्ती बदलू नये म्हणून केलेल्या सोयीनेच इथे विष जपून ठेवले.

एनपीएमने २०२३ पासून उगमाचा दाखला सुरू केला आहे: रिपॉझिटरीतल्या कोणत्या कमिटपासून (बदलाच्या नोंदीपासून), कोणत्या स्वयंचलित बिल्डमध्ये हे पॅकेज बनले याची स्वाक्षरीबद्ध नोंद. दाखला नसलेली आवृत्ती अचानक आली तर शंका घेता येते, एवढा त्याचा उपयोग निश्चित आहे. पायपीआयने २०२४ च्या सुरुवातीपासून प्रकाशन करणाऱ्या सर्वांना टू-फॅक्टर सक्तीचे केले. दाखला कोडचा उगम सांगतो, हेतू सांगत नाही, हे मात्र तो पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

माझ्या कामात मी नवे पॅकेज घेण्याआधी एनपीएम पॅकच्या आज्ञेने त्याची फाइल, काहीही चालू न देता, उतरवून घेतो आणि उघडून पाहतो. सगळे वाचत बसत नाही. रिपॉझिटरीत नसलेले पॅकेजमध्ये काय आहे, आणि स्क्रिप्ट्सच्या विभागात काय लिहिले आहे, एवढेच पाहतो. इन्स्टॉल स्क्रिप्ट्स मी मुळातून बंद ठेवल्या आहेत. पीएनपीएम या एनपीएमला पर्यायी साधनाच्या दहाव्या आवृत्तीपासून अवलंबित्वांच्या स्क्रिप्ट्स आपोआप चालत नाहीत आणि ज्या एक-दोन पॅकेजेसना त्या खरोखर लागतात त्यांची नावे परवानगीच्या यादीत लिहावी लागतात. बिल्ड सर्व्हरवर लॉक फाइलबाहेरचे, म्हणजे नेमक्या आवृत्त्यांच्या ठरलेल्या यादीबाहेरचे, काही येऊ देत नाही. यांतले सर्वांत कमी कष्टाचे आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक पाऊल म्हणजे वाट पाहणे. पीएनपीएममध्ये सप्टेंबर २०२५ पासून, ठरावीक कालावधी उलटल्याशिवाय कोणतीही नवी आवृत्ती घेऊ नये असे सांगता येते. चॉकची दूषित आवृत्ती दोन तासांत रजिस्ट्रीवरून काढून टाकली गेली, २०२१ मधली यूए-पार्सर-जेएस या पॅकेजची काही तासांत. आठवडाभर थांबणाऱ्याच्या वाटेला त्यांपैकी एकही आली नसती. सगळेच थांबले तर पकडणार कोण, असा आक्षेप घेतला जातो. पण आज रजिस्ट्रीवर येणारी प्रत्येक नवी आवृत्ती तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा सुरक्षा कंपन्यांकडे आहेत आणि त्या कोणाच्या इन्स्टॉल करण्यावर अवलंबून नाहीत. अडचण येते ती तातडीच्या सुरक्षा दुरुस्तीच्या वेळी. तेव्हा थांबणे हाच धोका असतो आणि अपवाद हाताने करावा लागतो. तो करताना दोन्ही फाइल्सची तुलना करून नेमके काय बदलले ते मी पाहतो.

एक्सझेडच्या बाबतीत मात्र आठवडाभराच्या थांबण्याने काही साधले नसते. ५.६.० बाहेर पडल्यापासून ते उघडकीस येईपर्यंत पाच आठवडे गेले होते, आणि तोवर ती आवृत्ती डेबियनच्या व फेडोराच्या चाचणी शाखांत पोहोचलेली होती. तिथे उपयोगी पडला असता तो वितरणांचा बिल्ड टारबॉलऐवजी थेट गिटच्या टॅगवरून होणे. चाचण्यांच्या दोन्ही फाइल्स मग तशाच पडून राहिल्या असत्या आणि त्यांना हात लावणारी ओळ बिल्डमध्ये आलीच नसती.